किडनीच्या आजारात कॉम्प्लिमेंट रिसेप्टर आले कुठून?

ल्युपसवाल्यांच्या (ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रिपोर्टमध्ये सी३, सी४ असतात, म्हणजे कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचे आकडे, आणि सगळे त्या आकड्यांकडेच बघतात, पण कॉम्प्लिमेंट किती आहे याइतकंच ते कुठल्या पेशीवरच्या रिसेप्टरवर (पेशीवरची पकडून धरणारी जागा) जाऊन बसतं हेही महत्त्वाचं, आणि हे कळायला खूप वर्षं गेली.

१८९० च्या दशकात ज्यूल बोर्देने दाखवलं की सीरममध्ये अँटिबॉडीशिवाय अजून काहीतरी आहे जे गरम केलं की निकामी होतं, तेच हे कॉम्प्लिमेंट, त्यासाठी १९१९ चं नोबेलही मिळालं. पुढे बराच काळ समज असा की याचं काम जंतू फोडायचं, बस. १९५३ ला रॉबर्ट नेल्सनने पाहिलं की अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट लागलेले जंतू माणसाच्या लाल पेशींना चिकटतात. चिकटवणारा रिसेप्टर म्हणजे सीआर१. लाल पेशी याच्याच जोरावर इम्यून कॉम्प्लेक्स (अँटिबॉडी आणि तिने पकडलेल्या गोष्टीचा गठ्ठा) उचलून लिव्हरकडे नेतात, म्हणजे ते किडनीत साचायचं टळतं. उंदरांच्या लाल पेशींवर सीआर१ नसतोच, त्यामुळे उंदरावरचा निष्कर्ष माणसाला सरळ लावताना जरा जपूनच!

१९७५ मध्ये किडनीच्या ग्लोमेरुलसमध्येच (रक्त गाळणारी बारीक जाळी) सी३ चा रिसेप्टर सापडला, नंतर कळलं तो सीआर१च, आणि पोडोसाइटवर (त्या जाळीला वेढणारी पेशी) आहे. आणि ल्युपसच्या प्रोलिफरेटिव्ह नेफ्रायटिसमध्ये (किडनीची सूज, ज्यात पेशी वाढतात) तो तिथून गायब होतो. ल्युपसमध्ये लाल पेशींवरचा सीआर१ पण कमी दिसायचा, आधी वाटलं आनुवंशिक असेल, मग लक्षात आलं की बराचसा आजारामुळेच घटतो. म्हणजे ज्याने सफाई करायची तोच आजारात कमी पडतो.

सी५ए (सी५ हे कॉम्प्लिमेंट प्रथिन फुटून निघणारा तुकडा) रिसेप्टरचं उलटं आहे, तो सफाई करत नाही, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना भडकवतो. एएनसीए वास्क्युलायटिसमध्ये (बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) बायोप्सीत कॉम्प्लिमेंट फारसं दिसत नाही म्हणून इथे त्याचा काही रोल नाही असंच धरलं होतं, ते २००७ नंतरच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी मोडलं (हो, इथे उंदीर कामी आले). त्यातूनच अवाकोपॅन, हा रिसेप्टर अडवणारी गोळी. ३३१ पेशंटची अॅडव्होकेट ट्रायल २०२१ ला छापून आली, त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत मंजुरी. २६ आठवड्यांना प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या बरोबरीने चालली, ५२ ला सरस ठरली, मात्र दोन्ही गटांत रिटक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध होतंच. गोळी फक्त रिसेप्टर बंद करते, सी५ फुटायचं थांबत नाही, त्यामुळे जंतू फोडणारं काम चालू राहतं. लिव्हरच्या टेस्ट मात्र अधूनमधून कराव्याच लागतात.