किरणोत्सव (अंबाबाई मंदिर, कोल्हापूर)

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या म्हणजेच करवीरनिवासिनी महालक्ष्मीच्या मंदिरात मावळत्या सूर्याची किरणे वर्षातून दोनदा थेट गाभाऱ्यात शिरून मूर्तीवर पडतात. या सोहळ्याला किरणोत्सव म्हणतात. रूढ तारखा ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा आहेत. अलीकडे दोन्ही वेळा पाच दिवस धरले जातात. नवरात्र, ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा, शुक्रवारची पालखी हे देवीचे बाकीचे सोहळे तिथी-वारावर चालतात. हा मात्र इंग्रजी तारखांवर चालतो, कारण त्याचा संबंध चंद्राशी नसून फक्त सूर्याशी आहे.

देवीचे तोंड पश्चिमेला आहे. काळ्या पाषाणाची ही चतुर्भुज मूर्ती सुमारे तीन फूट उंच असून हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मागे सिंह आहे. महालक्ष्मी ही कोल्हापूरच्या शिलाहार राजांची आराध्य देवता. तिच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदांत करीत. मूर्ती बराच काळ लपवून ठेवलेली होती. करवीरच्या म्हणजे कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या (शिवरायांचे नातू, राजारामांचे पुत्र) काळात, १७१५ साली, तिची पुन्हा स्थापना झाली. मुख्य दगडी मंदिरापुढचा लाकडी गरुड मंडप मराठा काळातला, म्हणजे पुष्कळ नंतरचा. आज किरणे येतात ती या मंडपाच्या खांबांमधून.

किरणांची वाट कोल्हापूरकरांना तोंडपाठ असते : महाद्वाराची कमान, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, मग कटांजन (मूर्तीपुढचा कठडा) आणि देवीचे चरण. त्यानंतर उजेड गुडघे, कंबर, छाती असा वर चढतो आणि सगळे जुळून आले तर मुखावर येतो. नोव्हेंबरात चरणस्पर्श साधारण पावणेसहाच्या आसपास होतो, तर जानेवारी-फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास. महाद्वारापासून मुखापर्यंतचा प्रवास तासाभरात आटोपतो आणि मूर्तीवरचा भाग तर काही मिनिटांचाच.

दोन हंगाम का, याचे उत्तर सोपे आहे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी हे दिवस २१-२२ डिसेंबरच्या उत्तरायणबिंदूपासून दोन्ही बाजूंना सुमारे बेचाळीस दिवसांवर येतात. दोन्ही वेळी सूर्याची दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासून दक्षिणेकडचे कोनीय अंतर) १७ अंशांच्या आसपास असते आणि कोल्हापुरातून पाहता तो ठीक पश्चिमेपेक्षा सुमारे १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणे आडवी होतात. म्हणून आधी जमिनीवर पडणारा उजेड आत सरकत मूर्तीच्या पायांवर येतो आणि तिथून वर चढतो. उतरताना सूर्य थोडा उत्तरेकडेही सरकतो. त्यामुळे कवडसा देवीच्या डाव्या बाजूला ढळत जातो आणि काही वेळा मुखापर्यंत पोचण्याआधीच खांद्याशी लुप्त होतो.

पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम सर्रास सांगितला जातो. तो संकेत म्हणून ठीक आहे, वेळापत्रक म्हणून नव्हे. नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेकडे सरकत असतो, फेब्रुवारीत उत्तरेकडे. म्हणजे ११ नोव्हेंबरचा सूर्य ३१ जानेवारीच्या सूर्याशी जुळतो, २ फेब्रुवारीच्या नव्हे. तेव्हा दोन्ही हंगामांत चढता क्रम अगदी एकच असणे भूमितीत बसत नाही. चढण खरी एकाच संध्याकाळची असते.

किरणोत्सव 'अपुरा' राहण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले ढग. दुसरे क्षितिजाजवळची धूळ, धुके आणि आर्द्रता : आकाश निरभ्र दिसते, पण उजेडाला जोर नसतो आणि कासव चौकाच्या पुढे तो फिका पडतो. तिसरे अडथळे. मूर्तीवर किरणे येतात तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असतो. या कोनात शंभर मीटर अंतरावरची, मूर्तीच्या पातळीपेक्षा पाच मीटर उंच असलेली कोणतीही वस्तू किरण अडवू शकते. महाद्वार रोडच्या दिशेची इमारत, गच्चीवरची पाण्याची टाकी, फलक, आडवी केबल, काहीही पुरते. मार्गातले अडथळे काढण्याचा विषय दर हंगामाआधी निघतो तो त्यामुळेच.

पाहायला जाणाऱ्याने नोव्हेंबरात पाचच्या आत, फेब्रुवारीत साडेपाचच्या आत आवारात असावे. ओटी (खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू) भरायची असेल तर ती दुपारीच उरकावी. ऐन वेळी रांग थांबते. किरणांच्या वाटेवर कोणालाही उभे राहू देत नाहीत, कारण एक माणूस मध्ये आला तरी त्याची सावली थेट गाभाऱ्यात पडते. गरुड मंडपात बाजूला बसायला मिळाले तर उत्तम. नाहीतर आवारातले थेट प्रक्षेपणाचे पडदे आहेतच. नजर मूर्तीवर खिळवून बसण्यापेक्षा आधी उंबऱ्यांकडे पाहावे. पितळी उंबऱ्यावर पट्टा ठळक आणि तांबूस दिसला तर पुढची आशा धरायची, कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर समजून जायचे.

किरणे चांदीच्या उंबऱ्याशी आली की गाभाऱ्यातले विजेचे दिवे बंद करतात. अंधारात आधी फक्त साडीचा काठ उजळतो, मग नऊवारीच्या निऱ्या, मग दागिने चमकू लागतात. उजेड ओसरला की घंटा वाजते, आरती होते, दिवे लागतात आणि थांबलेली दर्शनरांग पुन्हा पुढे सरकते.