क्लबवर पैसा घालणं आणि क्लब चालवणं

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा विषय पुण्यात निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "वेंकीजवाले दरवर्षी एवढा पैसा घालतात त्या क्लबात, तरी तिथली माणसं त्यांच्याच नावानं का ओरडतात?" विचारणारा मनापासून विचारतो, कारण पैसा खरंच घातला गेला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये साधारण २३ दशलक्ष पौंडांना घेतलेल्या या क्लबात कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या वेंकीज कंपनीच्या मालकांनी, पुण्याच्या राव कुटुंबानं, पुढच्या वर्षांत दोनशे दशलक्ष पौंडांहून जास्त रक्कम ओतली. दुसरीकडे इंग्लंडमधल्या कितीतरी क्लबांचे चाहते बरोबर उलटी तक्रार करतात: मालक खिशात हात घालत नाही, म्हणजे त्याला महत्त्वाकांक्षाच नाही.

दोन्ही ठिकाणी गल्लत एकच आहे. पैसा घालणं म्हणजेच क्लब चालवणं, असं धरून बोललं जातं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ते पाहायला ब्लॅकबर्नइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथे भरपूर पैसा आणि चांगला कारभार एकत्र नांदले, मग पैसा आटला तरी कारभार टिकला, आणि शेवटी पैसा आला पण कारभार गेला.

सुरुवात जॅक वॉकरपासून करायला हवी. वॉकर ब्लॅकबर्नचाच. कुटुंबाचा पोलादाचा व्यवसाय त्यानं ब्रिटिश स्टीलला तीनशे दशलक्ष पौंडांहून जास्त किमतीला विकला आणि १९९१ मध्ये आपल्या गावचा क्लब हाती घेतला. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. लीगचं शेवटचं विजेतेपद १९१४ चं. पुढे जे झालं त्याला बरेच जण आजही "पैशानं विकत घेतलेला किताब" म्हणतात. ॲलन शिअरर या गोल करणाऱ्या खेळाडूला १९९२ मध्ये साउदॅम्प्टनहून आणलं ते साडेतीन दशलक्ष पौंडांच्या आसपास मोजून, आणि तो त्या वेळचा ब्रिटिश विक्रम होता. १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५ दशलक्ष मोजले, तोही विक्रमच. १४ मे १९९५ ला ॲनफिल्डवर लिव्हरपूलकडून २-१ असा हरूनही ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीचा, विजेता ठरला, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १-१ अशा बरोबरीवर थांबावं लागलं.

पण वॉकरनं शिअररच्या आधी काय केलं ते बघा. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यानं केनी डाल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं. लिव्हरपूलला व्यवस्थापक म्हणून तीन वेळा लीग जिंकून देणारा हा माणूस काही महिन्यांपूर्वीच ती जबाबदारी सोडून बाहेर पडला होता. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. खेळाडू कोणता हवा हे डाल्ग्लिश ठरवायचा, चेकवर सही वॉकर करायचा. क्लबचं मैदान इवूड पार्क, त्याच्या तीन बाजू नव्यानं बांधल्या. ब्रॉकहॉल गावाजवळ सरावाची मैदानं आणि अकादमी उभी केली. शिअरर १९९६ मध्ये १५ दशलक्ष पौंडांना न्यूकॅसलला गेला, सटनही पुढे गेला, पण ब्रॉकहॉल जागेवरच राहिलं. फिल जोन्स तिथे घडला, आणि कितीतरी वर्षांनी ॲडम व्हॉर्टनही.

वॉकरच्या काळात सगळं बरोबरच झालं असं मी म्हणणार नाही. विजेतेपदानंतर डाल्ग्लिश रोजच्या कामातून बाजूला झाला, संघात मोठी भर पडली नाही, चॅम्पियन्स लीगमध्ये ब्लॅकबर्न गटात तळाला राहिला आणि १९९९ मध्ये तर क्लब खालच्या श्रेणीत घसरला. पैसा तेव्हाही होता. म्हणजे भल्या मालकाच्या हातूनही पैसा आणि कारभार यांची जोडी सुटू शकते.

ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. त्यानंतरची दहा वर्षं या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. क्लब वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडे होता आणि ट्रस्ट हळूहळू हात आखडता घेत होता. अध्यक्ष होते जॉन विल्यम्स. गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, तिकिटं स्वस्त ठेवावी लागायची, आणि मँचेस्टर-लिव्हरपूलचे बलाढ्य क्लब हाकेच्या अंतरावर. तरीही २००१ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला, २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप जिंकला, २००६ मध्ये सहावा आला, २००८ मध्ये सातवा आणि २०१० मध्ये दहावा. रोके सांता क्रूझ जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबात बहुतेक वेळ बाकावर असायचा. त्याला २००७ मध्ये थोडक्या पैशांत आणलं, पहिल्याच हंगामात त्यानं लीगमध्ये १९ गोल केले, आणि दोन वर्षांनी मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी कित्येक पट रक्कम मोजली. असा व्यवहार नशिबानं एकदा जमतो. दरवर्षी जमवायचा तर खेळाडू पारखणारे, करार लिहिणारे आणि नाही म्हणायची हिंमत असलेले लोक क्लबात टिकून राहावे लागतात. ब्लॅकबर्नमध्ये ते होते. मोठी भाषा न करता, पैसा नसताना क्लब कसा चालवतात ते त्या दहा वर्षांत दिसलं.

आणि नेमका हाच क्लब वेंकीजनं विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. आपल्याकडे अभिमान वाटला, तो साहजिकच होता. मालक चौथ्या-पाचव्या जागेची भाषा करत होते. जानेवारी २०११ मध्ये चक्क रोनाल्डिन्योसाठी प्रयत्न झाला. ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातात अशी जाहिरात आली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनही गेला. महत्त्वाकांक्षा म्हणून जे जे दाखवता येतं ते सगळं होतं.

त्याच महिन्यांत इवूड पार्कच्या आत जे घडलं ते असं. १३ डिसेंबर २०१० ला व्यवस्थापक सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेरावा होता, आदल्या हंगामात दहावा आलेला. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन, ज्यानं आधी कोणताही मोठा संघ स्वतंत्रपणे सांभाळला नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये जॉन विल्यम्स गेले. खेळाडूंच्या खरेदीविक्रीत बाहेरच्या एजंट-सल्लागारांचा शब्द चालू लागला. फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला. बचावफळीचा कणा असलेला ख्रिस सांबा फेब्रुवारी २०१२ मध्ये, संघ तळाशी झगडत असताना, रशियाला विकला गेला. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबचे रंग गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ब्लॅकबर्न ०-१ हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. आजवर परत आलेला नाही.

त्या कोंबडीचा फोटो आपल्याकडे गमतीनं फिरला. मला त्यात गंमत दिसत नाही. दर शनिवारी बापाचा हात धरून त्या मैदानावर गेलेल्या माणसांना आपलं म्हणणं मालकापर्यंत पोचवायचा दुसरा मार्गच उरला नव्हता.

कीननंतर व्यवस्थापक म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. खालच्या श्रेणीत उतरल्यावरही जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८ दशलक्ष पौंड मोजले गेले, म्हणजे पैसा थांबला नव्हता. त्यानं गोलही भरपूर केले. पण गोल करणाऱ्याला आणलं तरी तो कोणत्या पद्धतीच्या संघात खेळणार हे ठरवणारा माणूस दोन-दोन महिन्यांनी बदलत असेल, तर त्या खर्चाला दिशा नसते. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकून इतका खाली उतरलेला हा पहिलाच क्लब. व्यवस्थापक टोनी मोब्रेनं त्याला वर्षभरात वर काढलं, आणि त्याला पुढे २०२२ पर्यंत काम करू दिलं, याचं श्रेय मालकांना द्यायलाच हवं. वेंकीजच्या काळातली सर्वांत स्थिर वर्षं तीच, हे मला योगायोग वाटत नाही.

"मग आता जास्त पैसे घालून वर का येत नाहीत?" हाही प्रश्न येतो. दुसऱ्या श्रेणीतल्या २०२५ च्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून ३९ दशलक्ष पौंडांपलीकडे तोटा दाखवता येत नाही. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी खेळाडूंवर मनमानी खर्च करू शकत नाही. मात्र अकादमी, मैदान आणि महिला संघ यांवरचा खर्च या हिशेबातून वगळला जातो. वॉकरनं ब्रॉकहॉलवर घातला तसला पैसा आजही मोकळेपणानं घालता येतो. शिअररवर घातला तसला नाही. मोठा खेळाडू आणा असा आग्रह धरणाऱ्या चाहत्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं. मालकाला नुसत्या खरेदीवरून जोखलं, तर त्यालाही खरेदीच महत्त्वाची वाटू लागते.

२०२३ पासून पैशाचीही अडचण आली. भारतातल्या तपास प्रकरणामुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला साधारण १८ दशलक्ष पौंडांना गेला आणि त्याच महिन्यात व्यवस्थापक योन डाल टोमासननंही क्लब सोडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, संघ पाचव्या जागेवर असताना नवा व्यवस्थापक जॉन युस्टेस डर्बी या क्लबाकडे निघून गेला. डर्बी तेव्हा तळाच्या तिघांत होता. युस्टेस तिथे पूर्वी खेळला होता, ते नातं होतंच. तरीही वर जाण्याच्या शर्यतीतला संघ सोडून बुडत्या संघाकडे व्यवस्थापक जातो, तेव्हा त्यानं आतून काय पाहिलं असेल हे मी स्वतःला विचारतो. त्या हंगामात ब्लॅकबर्न सातवा आला. पहिले दोन थेट वर जायचे आणि तिसऱ्या ते सहाव्या जागेवरच्यांना वर जायची आणखी एक संधी मिळायची; ती एका जागेनं हुकली.

मला सर्वांत जास्त लागलं ते महिला संघाचं. किरा वॉल्श आणि जॉर्जिया स्टॅनवे, युरो जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातल्या या दोघी, ब्लॅकबर्नच्या तालमीत वाढल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लबनं आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेतला, कारण तिथे राहण्यासाठी लागणारी गुंतवणूक करायची त्याची तयारी नव्हती. ज्या खर्चाला नियमांची आडकाठी नाही, तोच खर्च नाकारला गेला. न्यायालयाचा अडसर मी विसरलेलो नाही, पण पुरुष संघ त्याच अडसरातून चालूच राहिला. कोणता खर्च आधी कापायचा ही निवड होती, आणि ती करताना क्लबनं काय घडवलं आहे याची आठवण करून देणारा जॉन विल्यम्ससारखा माणूस त्या खोलीत नव्हता, असं मला वाटतं.