छातीतलं पाणी आणि स्टेजचा हिशेब

फुप्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण किती काळ काढेल, हा अंदाज आधी स्टेजवरून बांधतात. गाठ, लसिकाग्रंथी आणि शरीरात इतरत्र झालेला पसार अशी तिहेरी मांडणी १९४० च्या दशकात सुरू झाली. रुग्ण किती हिंडता-फिरता आहे हे मोजायची शंभर गुणांची पट्टीही त्याच दशकातली. खरा गुंता पुढचा आहे.

फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर जुन्या नियमात रुग्ण ३बी स्टेजचा धरत. २०१० पासून लागू झालेल्या, या तिहेरी मांडणीच्या सातव्या आवृत्तीने त्याला थेट चौथ्या स्टेजमध्ये टाकलं. ८१ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या (निम्म्याहून जास्त युरोपातल्या), त्यात असं पाणी झालेले लोक तिसऱ्या स्टेजच्या इतरांपेक्षा लवकर गेले होते. बदल रास्तच होता. पण तिसऱ्यातले सगळ्यात वाईट रुग्ण चौथ्यात गेले आणि तिथे तेच त्यातल्या त्यात बरे ठरले. दोन्हीकडची सरासरी वाढली, माणूस मात्र एकही जास्त जगला नाही. त्यामुळे जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून ‘उपचार सुधारले’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

औसा, परळी, भूमकडे ‘छातीत पाणी झालंय’ म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेकदा तो खराही निघतो. पाणी काढायचं, गोळ्या सुरू करायच्या, वाट बघायची. पाणी पुन्हा भरलं, लालसर आलं, की मग एक्स-रेची पिशवी काखेत मारून लातूर नाहीतर संभाजीनगर. तोवर ऊसतोडीला जाणारा गडी खाटेला खिळलेला असतो. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जाऊ लागला की कामक्षमतेची पायरी (ही दुसरी, शून्य ते पाचची पट्टी; आकडा वाढला की प्रकृती ढासळली) दोनची तीन होते आणि किमो द्यावी की नाही इथूनच प्रश्न सुरू होतो. इकडच्या रुग्णाबाबत ही पायरी आणि उतरलेलं वजन यांना स्टेजइतकंच वजन द्यायला हवं, पण केसपेपरवर ठळक लिहिलेली असते ती स्टेजच.

२००४ मध्ये गाठीच्या पेशींमधल्या ईजीएफआर या, पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातल्या बदलाचा शोध लागला आणि चौथी स्टेजही एकसारखी राहिली नाही. हा बदल बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त आढळतो, आणि त्यावरची गोळी लागू पडली तर खाटेवरचा रुग्णही कधी कधी उठून बसतो. त्याची तपासणी छातीतून काढलेल्या पाण्यातल्या पेशींवरही होते, पाणी पेशी तपासायला पाठवलं असेल तर.