बिल थकवलं नाही, तरी क्रेडिट कार्ड बंद का झालं?

आमच्याकडे रिटर्न आणि कर्जाच्या कामासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी

घरकर्जाची फाइल तयार करताना आम्ही सिबिल रिपोर्ट (तुमच्या कर्जांची, कार्डांची आणि परतफेडीची नोंद) उघडतो, आणि एखादं कार्ड 'बंद' दाखवलेलं पाहून समोरची व्यक्ती चकित होते. "मी तर एक रुपयाही थकवला नाही!" खरं असतं ते. कार्ड वापरलंच नाही, तर थकणार काय? कपाटात पडून राहिलं म्हणूनच ते बंद झालेलं असतं.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, कार्ड एक वर्षाहून जास्त काळ वापरलं नाही तर बँक ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि बाकी काही देणं नसेल, तर खातं बंद होतं. अडचण होते ती इथे. बँकेचा मेसेज जातो तो नोंदवलेल्या नंबरवर, आणि तो नंबर आपण दोन वर्षांपूर्वीच सोडलेला असतो. म्हणून नंबर किंवा ईमेल बदलला की कार्डाच्या बँकेलाही त्याच आठवड्यात कळवा. कार्ड ठेवायचं असेल, तर अधूनमधून त्यावर एखादी लहान खरेदी करून बिल वेळेत भरा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून दिलेले पैसेही चालतात.

बंद झालं म्हणून बिघडलं काय? समजा, तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, एकाचं लिमिट १ लाख, दुसऱ्याचं ५० हजार. दरमहा ३० हजार खर्च होतो, म्हणजे एकूण लिमिटच्या २० टक्के. लाखाचं कार्ड गेलं की तोच खर्च ६० टक्के दिसतो आणि सिबिल स्कोअर घसरू शकतो, तोही नेमका कर्ज हवं असताना. शिवाय त्या कार्डावर लावलेले वीजबिलाचे, विम्याचे ऑटो-पे थांबतात. रिवॉर्ड पॉइंट शिल्लक असतील, तर बँकेला लगेच विचारा.

थकबाकीमुळे बंद होणाऱ्या कार्डांची गोष्ट वेगळी. किमान रक्कमही देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही, तर खातं अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज, ठरतं. अशा वेळी कार्ड बंद झालं तरी देणं संपत नाही, व्याज चढत राहतं. हा गैरसमज आम्ही फार पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुकानदाराकडे कार्ड स्वाइप करून टक्केवारी कापून रोख घेणं, किंवा सेलच्या वेळी मित्रांना आणि शेजाऱ्यांना कार्ड वापरायला देणं, हे कुणाला गैर वाटत नाही. बँकेला मात्र उत्पन्नाशी न जुळणारे मोठे व्यवहार दिसतात. वैयक्तिक कार्डावर धंद्याचा माल भरणंही त्यातच येतं. अशा कारणावरून कार्ड गेलं, तर त्याच बँकेत पुन्हा मिळणं कठीण होतं. केवायसीची (ओळख आणि पत्त्याच्या कागदांची) मुदत संपल्यामुळे कार्ड अडलं असेल, तर मात्र कागद देऊन काम होतं, ते टाळू नका.

तुम्हालाच कार्ड नको असेल, तर सगळं बिल भरून लेखी विनंती करा. बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. बाकी काही नसताना उशीर झाला, तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. खात्यात तुमचे जादा पैसे जमा असतील, तर तेही परत मिळतात. तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

येताना कार्डाची शेवटची तीन स्टेटमेंट आणि बँकेकडून आलेला मेसेज घेऊन या. पिन, सीव्हीव्ही आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका.