काडतूस चेंबरमध्ये न बसणे

हाताने भरलेले रायफलचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसण्याच्या पोकळीत) पूर्ण न शिरणे, किंवा शिरले तरी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जोर लावल्याशिवाय बंद न होणे, हा हँडलोडिंगमधला नेहमीचा दोष. एकदा उडवलेली पितळी पुंगळी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मापात आणायची आणि तिच्यात नवे प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), दारू व गोळी भरायची, हे काम अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी घरच्या घरी करतात. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार मनाई आहे.

दोषाचा माग रिकाम्या पुंगळीपासून काढावा. डायमधून काढलेली, प्रायमर आणि दारू नसलेली पुंगळीच चेंबरमध्ये अडत असेल तर तिचे माप चुकले आहे. ती सहज जाते आणि भरलेले काडतूस मात्र अडते, तर गोळी बसवताना काहीतरी बिघडले आहे. पुंगळीला मार्करची शाई फासून पाहिली की नेमके कुठे घासते ते दिसते. भरलेले काडतूस फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) न काढता घरात तपासू नये.

बहुतेक वेळा शाई खांद्यावर, म्हणजे पुंगळी गोळी धरणाऱ्या मानेकडे निमुळती होते त्या उतारावर, पुसलेली सापडते. .308 विंचेस्टरसारख्या बिनकडेच्या (बुडाला बाहेर आलेली कड नसलेल्या) काडतुसाला चेंबरमध्ये खांदाच अडवतो. गंमत अशी, की डाय अर्धवट उतरवली तर पुंगळीचे अंग आवळले जाते आणि पितळ पुढे सरकून खांदा आधीपेक्षा लांब जातो. म्हणजे मापात आणायला गेलेली पुंगळी आणखी बेमाप होते! डाय थोडी आणखी खाली घेतली की खांदा मागे येतो. मात्र बोल्ट-अॅक्शन (बोल्ट हाताने चालवायच्या) रायफलसाठी तो उडवलेल्या मापापेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश मागे आणणे पुरते. त्याहून फार मागे रेटला तर दर बाराला पुंगळी ताणली जाते आणि पुढे बुडाजवळ तुटते.

क्रिंप (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळणे) अती झाला तर खांद्याखाली फुगवटा येतो. दुसऱ्या, सैल चेंबरच्या रायफलीत उडवलेली पुंगळी बुडाकडे जाड राहते. तिला बुडाजवळ जास्त आवळणारी स्मॉल-बेस डाय लागते. प्रायमर वर राहणे, चेंबरमध्ये काजळी साचणे, ही कारणे किरकोळ, पण आधी पाहून घ्यावीत.

खरा धोका लांब मानेचा. .308 च्या पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच (51.18 मिमी) असते. ती ओलांडली तरी जोर लावून बोल्ट बंद होऊ शकतो, पण तोंड चेंबरच्या टोकाशी चेपून गोळीला घट्ट पकडते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढतो. म्हणून बोल्टवर ठोकून काडतूस बसवणे हा निव्वळ अविचार. गोळीच लांब बसली असेल तर तिच्यावर रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) खुणा उमटतात. असे काडतूस बाहेर ओढताना कधी गोळी नळीत अडकून राहते आणि दारू अॅक्शनमध्ये (बोल्ट सरकतो त्या भागात) सांडते.