घरी शिकणाऱ्या मुलांना वाद घालायला कोण मिळतं? : तत्त्वज्ञान-गटांची पार्श्वभूमी

अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांमध्ये एक प्रथा आता चांगली रुळली आहे. पाचवी ते आठवीच्या वयाची सात-आठ मुलं आठवड्यातून एकदा जमतात, वाचनालयाच्या खोलीत, चर्चच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाभोवती. एखादा उतारा मोठ्याने वाचला जातो आणि तासभर चर्चा चालते: खोटं बोलणं कधी योग्य असतं का? जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी जहाज तेच राहतं का? परीक्षा नाही, गुण नाहीत. घरी सगळं शिकता येत असताना नेमक्या याच विषयासाठी मुलांना बाहेर का न्यावं लागतं, हे समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं. मी सुरुवात करेन ती एका एकट्या मुलापासून.

जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीवर ज्याच्या विचारांचा खोल ठसा उमटला, तोच हा मिल. 1806 साली लंडनमध्ये जन्मला आणि शाळेत कधी गेलाच नाही. वडील जेम्स मिल यांनी तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं, बाराव्या वर्षाच्या सुमारास तर्कशास्त्र. सकाळी फिरायला जाताना आदल्या दिवशी वाचलेलं वडिलांना सांगायचं, हा शिरस्ता. बॅगशॉट हीथच्या माळावर चालताना अनुमानाच्या तर्कशास्त्राचा उपयोग काय, हे वडिलांनी आधी त्यालाच विचारलं आणि त्याला उत्तर सापडेना तेव्हा समजावून सांगितलं. त्या दिवशी ते डोक्यात शिरलं नाही, पण बीज पडलं, असं मिलने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. याच आत्मचरित्रात तो आणखी एक गोष्ट सांगतो: इतर मुलांच्या संगतीचा वाईट परिणाम होईल म्हणून वडिलांनी त्याला मुलांपासून कटाक्षाने दूर ठेवलं होतं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विशीच्या आसपास तो इतिहासकार जॉर्ज ग्रोट यांच्या लंडनमधल्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या घरी जमणाऱ्या तरुणांच्या मंडळात जाऊ लागला. आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेआठ ते दहा, कारण नंतर सगळ्यांनाच कामावर पळायचं असे. एखादं पुस्तक घेऊन ते मोठ्याने वाचायचं आणि कुणाचीही शंका उरलेली असेपर्यंत मुद्दा सोडायचा नाही, मग त्यात कितीही आठवडे जावोत. आपण स्वतंत्र विचार करणारा माणूस झालो ते या बैठकांपासून, असं मिल स्पष्ट म्हणतो. बारा वर्षांच्या मुलाला घरी तर्कशास्त्र मिळालं होतं, मिळाले नव्हते ते बरोबरीचे लोक. वडिलांशी वाद घालणं आणि समवयस्काशी वाद घालणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

इतक्या लहान वयात तत्त्वज्ञान द्यावं की नाही, हे भांडण तर त्याहून कितीतरी जुनं. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिस कुस्तीच्या आखाड्यात लायसिस नावाच्या पोराशी मैत्री म्हणजे काय यावर बोलत बसतो. पण ‘रिपब्लिक’मध्ये तोच सॉक्रेटिस म्हणतो की कोवळ्या वयात वादविवादाची चव लागली की पोरं कुत्र्याच्या पिल्लांसारखी येईल त्याचे लचके तोडत सुटतात, तेव्हा तिशीपर्यंत थांबा. मुलांशी बुद्धीला पटेल असं बोला, हे जॉन लॉकचं 1693 मधलं सांगणं, आणि 1762 मध्ये रुसोने ते साफ खोडून काढलं. ज्याने त्याने आपापल्या कल्पनेतलं मूल समोर ठेवून भांडण केलं, इतकंच.

प्रत्यक्ष पद्धत बसवली ती जर्मनीत, तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी. 1922 मध्ये गटिंगेनला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सॉक्रेटिसची पद्धत शिक्षणात कशी आणायची ते मांडलं. त्यांचा मुख्य आग्रह असा की चर्चा चालवणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही. वाल्केम्यूले या शाळेत त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. 1933 मध्ये नाझींनी ती शाळा बंद केली.

आज चालणाऱ्या गटांचा सगळ्यात जवळचा पूर्वज मात्र मॅथ्यू लिपमन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते तर्कशास्त्र शिकवत. कॉलेजात येईपर्यंत विचार करायच्या सवयी घट्ट झालेल्या असतात, आपण फार उशिरा पोहोचतो, ही त्यांची खंत होती. 1968 मध्ये कोलंबियात विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन पेटलं. विद्यार्थी आणि विद्यापीठ दोघंही एकमेकांशी नीट तर्काने बोलू शकत नाहीत, हे पाहून ती खंत आणखी तीव्र झाली. त्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहिली. नायकाचं नाव हॅरी स्टॉटलमायर. इंग्रजीत भरभर म्हटलं की ॲरिस्टॉटल ऐकू येतो.

त्या कादंबरीची सुरुवात बघण्यासारखी आहे. विज्ञानाच्या तासाला हॅरीचं लक्ष उडालेलं असतं. लांब शेपटीचं, सूर्याभोवती फिरणारं ते काय, असं सर विचारतात. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात हे त्याने नुकतंच ऐकलेलं असतं, म्हणून तो ठोकून देतो, ‘ग्रह!’ वर्ग हसतो; उत्तर धूमकेतू असतं. पोरगा खट्टू होतो, पण चूक नेमकी कुठे झाली ते शोधत राहतो. ‘सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे खरं असलं तरी उलटं केलं की खोटं होतं. खरं वाक्य उलटं केलं की खोटं होतं, असा नियमच तो बनवतो. लिसा नावाची मैत्रीण त्याला अडवते: ‘एकही गरुड सिंह नसतो’ हे उलटं कर बघू. ते खरंच राहतं! म्हणजे नियम सुधारायला हवा. त्याच दिवशी घरी आलेली शेजारीण आईला सांगत असते की अमुक बाई रोज दारूच्या दुकानात जाताना दिसते, आणि दारू न सुटणारे सगळे लोक तिथे जातातच की. हॅरीला तीच उलटी केलेली ओळ ऐकू येते आणि तो मध्ये बोलतो. तर्काचा नियम इथे कुणाच्या तरी अब्रूशी येऊन भिडतो. आणि लिसा नसती तर नियम अर्धाच राहिला असता.

1974 मध्ये लिपमन यांनी न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजमध्ये यासाठी संस्था उभी केली. ॲन मार्गारेट शार्प त्यांच्या सोबत होत्या. पद्धत साधी: मुलांनी पाळीपाळीने उतारा वाचायचा, मग प्रश्न काढायचे. प्रत्येक प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि पुढे विचारणाऱ्याचं नाव. कशावर बोलायचं ते मुलं ठरवणार. फळ्यावर आपल्या नावासकट आपला प्रश्न दिसणं, ही त्या वयाच्या मुलासाठी छोटी गोष्ट नाही. मॅसॅच्युसेट्समधले तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज त्याच सुमाराला दाखवत होते की सहा-सात वर्षांची मुलंही अस्सल तात्त्विक प्रश्न विचारतात आणि मुलांची बुद्धी वयाच्या ठरावीक टप्प्यांनी वाढते, या मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीमुळे ते मोठ्यांच्या नजरेतून निसटतात.

हे सगळं शाळेच्या वर्गासाठी बेतलेलं होतं. त्याच दशकात शाळेकडेच पाठ फिरवणारी चळवळ उभी राहत होती. अनेक वर्षं शिक्षकी केलेल्या जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये बॉस्टनहून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं. तेव्हा कित्येक राज्यांत मुलाला शाळेत न पाठवल्याबद्दल पालकांवर खटले होत. 1980 च्या दशकात धार्मिक कुटुंबं मोठ्या संख्येने आली आणि 1993 पर्यंत होमस्कूलिंग सगळ्या 50 राज्यांत कायदेशीर झालं. सरकारी अंदाजानुसार 1999 मध्ये अशी साडेआठ लाख मुलं होती, 2012 मध्ये सुमारे 18 लाख.

या कुटुंबांकडे तत्त्वज्ञान आलं ते मात्र बरंचसं वेगळ्याच दाराने. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेअर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं. मध्ययुगातला व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हा क्रम त्यांनी मुलांच्या वाढीशी जोडला. पाठांतर आवडणारं वय आधी, आणि त्यानंतर उलट उत्तरं देण्याचं, मोठ्यांना शब्दात पकडण्याचं वय. तेच तर्क शिकवायचं वय, असं त्यांचं म्हणणं. 1999 मध्ये जेसी वाइझ आणि सुझन वाइझ बाउअर या मायलेकींनी पालकांसाठी लिहिलेल्या जाडजूड पुस्तकात पाचवी ते आठवी हा सरळ तर्काचा टप्पा ठरवला. सुझन स्वतः घरी शिकलेल्या. हजारो घरांत सहावीतल्या मुलाच्या हातात तर्कशास्त्राचं पुस्तक आलं ते या वाटेने.

दोन्ही वाटांचा स्वभाव वेगळा. सेअर्सच्या वाटेने आलेल्या पुस्तकांत तर्कदोष ओळखायचे असतात आणि मागे उत्तरं असतात. ती घरी एकट्याने सोडवता येतात. लिपमनच्या वाटेला समोर माणसंच लागतात. तर्काची पुस्तकं संपली तरी मुलाला कुणी ‘मला हे पटत नाही’ म्हणणारं भेटलेलं नसतं, आणि आईबाबांनी तसं म्हटलं तर तो वाद राहत नाही, शिस्तीचा विषय होतो. म्हणून गट लागला. चार-पाच कुटुंबांनी मिळून प्रयोगशाळा किंवा गाण्याचा वर्ग चालवायची पद्धत होतीच, तिच्यातच हा एक तास सामावला. 2020 च्या साथीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण जनगणना विभागाच्या पाहणीत काही महिन्यांत 5.4 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेलं. त्याच काळात असे बरेच गट पडद्यावर भरू लागले आणि वेगवेगळ्या राज्यांतली, वेगवेगळ्या श्रद्धांच्या घरांतली मुलं एकमेकांसमोर आली.

सगळ्यात अवघड मात्र अजून नेल्सन यांचाच, स्वतःचं मत न सांगण्याचा नियम आहे. वर्गातल्या शिक्षकालाही गप्प बसणं जड जातं. इथे तर चर्चा चालवणारी बाई बहुतेकदा समोरच्यांपैकी एकाची आई असते. लेक बोलायला लागली की बाकीची मुलं आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतात.