आकड्याची आशा: कापसाच्या भावापासून राज्य लॉटरीपर्यंत

लॉटरी सहसा लागत नाही, हे लॉटरी घेणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तो वर्षानुवर्षं निकाल पाहतो, तिकीट फाडतो आणि पुढच्या सोडतीचं घेतो. म्हणून ‘लोकांना गणित कळत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. मुंबईतल्या आकड्यांच्या खेळाचा इतिहास पाहिला की कारण दुसरीकडे दिसतं. हातावर पोट असलेल्या माणसाला एकरकमी पैसा कुठून मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

पैज लावण्याची हौस या शहराला जुनीच. एकोणिसाव्या शतकात इथे पावसावर सट्टा चाले. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात तो नीट बसेना, म्हणून 1890 मध्ये दुरुस्ती करून त्यालाही आत घ्यावं लागलं. पुढे कापूस आला. न्यूयॉर्कच्या बाजारात भाव कितीवर उघडला, कितीवर बंद झाला हे मुंबईला कळवलं जाई आणि त्या भावाच्या आकड्यांवर पैसे लागत. कापसाची एक गाठही घेण्याची ऐपत नसलेला माणूस त्यात भाग घेऊ शके. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे हे आकडे येणं बंद झालं. खेळ मात्र बंद झाला नाही.

कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळीत आणि त्यानंतर दोनेक वर्षांत रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यावरून पडलेलं नाव पुढे पत्ते आल्यावरही टिकलं. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा आकडा घ्यायचा. 2, 5, 9 निघाले तर बेरीज 16, आकडा 6. हा ओपन. रात्री उशिरा पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. बाजार उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव असा पत्त्यांत उतरला. पत्ते लोकांसमोर निघतात आणि लागलेले पैसे चोख मिळतात, अशी खत्रींची ख्याती होती. बेकायदा धंद्यात लेखी करार नसतो, तिथे ही ख्यातीच सगळं काही असते.

हे सगळं गिरणगावात रुजलं यात नवल नाही. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार खाणावळीत जेवायचा, एका खोलीत दहा-बाराजणांबरोबर राहायचा आणि पगारातून गावी मनीऑर्डर करायचा. बदली कामगाराची अवस्था तर आणखी बिकट. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत. ज्याची रोजची मजुरीच नशिबावर, त्याला आकडा लावताना फार वेगळं काही करतोय असं कशाला वाटेल? बहिणीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, सावकाराचं कर्ज या गरजा हजारांत येत आणि हातात पैसे रुपयांत येत. बँक त्याला कर्ज देत नव्हती. भिशी होती, पण तिच्यात दर महिन्याला न चुकता भरावं लागे. आकड्याला चार-आठ आणेही चालत.

गणित काय होतं? एका आकड्यावर लावलं तर दहात एक शक्यता आणि लागलं तर साधारण नऊपट पैसे. जोडीला शंभरात एक, साधारण नव्वदपट. म्हणजे सरासरीने रुपयामागे दहा पैसे धंदेवाल्याकडे राहणार. एका दिवशी ते जाणवत नाही. रोज खेळणाऱ्याची मात्र वर्षाकाठी चांगलीच रक्कम जाते, आणि बायकामुलांच्या पोटातून जाते. हे नुकसान खरं आहे आणि ते मी लहान करून सांगणार नाही.

केरळ सरकारने 1967 मध्ये लॉटरी सुरू केली होती. महाराष्ट्राची राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ला आली. लोकांना मटक्यापासून दूर ठेवायचं आणि सरकारलाही उत्पन्न मिळवायचं, असा हेतू होता. पण पाच आकडी क्रमांक आणि दहा मालिका धरल्या, तर तिकिटं दहा लाख आणि पहिलं बक्षीस एक. मटक्यापेक्षा ही शक्यता कितीतरी लांबची, तरी दिवाळी बंपरला गर्दी होते. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की अगदी बारीक शक्यतेला माणूस तिच्या खऱ्या वजनापेक्षा जास्त वजन देतो. मला ते पटतं, पण अपुरं वाटतं. त्याआधी 1948 मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांचा निबंध आला होता. त्यांचं म्हणणं असं की आयुष्याची पायरीच बदलून टाकणाऱ्या रकमेसाठी माणूस तोट्याचा सौदाही समजून-उमजून करतो. गिरणगावाला हे स्पष्टीकरण जास्त लागू पडतं.

शिवाय खेळाची रचनाच माणसाला सोडू देत नाही. शेवटचे तीन आकडे जुळतात, पहिले दोन चुकतात, आणि हरलेला माणूस ‘थोडक्यात हुकलं’ म्हणत घरी जातो. मटकेवाले जुने चार्ट घेऊन बसतात: अमुक जोडी किती दिवसांत आली नाही, म्हणजे आता यायलाच हवी. मागचे निकाल पत्त्यांना माहीत नसतात.

नव्वदच्या दशकात काही राज्यांच्या नावाने एकआकडी लॉटरी देशभर पसरली. ती म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटकाच होता. कित्येक घरं त्यात बुडाली. 1998 च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एका आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई केली. तमिळनाडूने 2003 मध्ये लॉटरीच बंद केली; महाराष्ट्राने ठेवली.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे कित्येक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि मटक्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईकवर्ग विखुरला. मग पोलिसांच्या धाडी वाढल्या. तरी ‘कल्याण’ नावाच्या मटक्याचा आकडा आज मोबाइलवर येतो आणि तो पाहणाऱ्यांत रोजंदारीवरचे, रिक्षावाले, पहारेकरी मोठ्या संख्येने असतात. लॉटरीच्या तिकिटावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे बक्षिसांसाठी उरणारा वाटा आणखी आक्रसला. एकरकमी पैशाची गरज मात्र दवाखान्याच्या आणि कॉलेजच्या खर्चाने पूर्वीपेक्षा वाढली आहे.